विरजणाच्या वाटीएवढं भोक

माणूस घर बांधतो म्हणजे नेमकं काय करतो? अफाट जगातला एक तुकडा वेगळा काढतो आणि सांगतो, इथून पुढे माझी परवानगी लागेल. ही परवानगी देणारी आणि नाकारणारी शेवटची सत्ता म्हणजे खिडकीची जाळी. भिंत सगळंच अडवते, दार सगळंच सोडतं. विवेक फक्त जाळीला असतो. वारा आत, डास बाहेर. मला विचाराल तर संस्कृतीची एवढी नेमकी व्याख्या दुसरी नाही.

हा मजकूर मी माझ्या दुकानाच्या कार्डावर छापणार होतो. छापखानेवाल्यानं सांगितलं, एवढं मावणार नाही. शेवटी 'खिडक्यांच्या जुन्या जाळ्या बदलून मिळतील' एवढंच राहिलं आणि धंद्याला तेवढं पुरलं.

मी इतिहासात एम.ए. झालो. इतिहासाला माझी निकड नव्हती. नांदेडला मेव्हण्याचं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान होतं. तो नव्या खिडक्या करायचा. जुन्या खिडक्यांच्या फाटक्या जाळ्या बदलणं त्याला खालच्या दर्जाचं वाटायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. सासुरवाडी लातूरची, त्यामुळे तिकडचीही कामं मिळत गेली. एका शहरात गोदावरीच्या कृपेनं डास होते आणि दुसऱ्या शहरात पाणी नसल्यामुळे. दुसऱ्याचं नवल वाटेल, पण नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस पिंप, टाक्या, बादल्या, घागरी सगळं भरून ठेवतो. डासांना आणखी काय पाहिजे? आता माझे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

काम सोपं आहे. सरकत्या खिडकीत जाळीची वेगळी चौकट असते. तिच्या चारी बाजूंनी खाच असते, जाळी त्या खाचेवर पसरायची आणि वरून रबराची दोरी दाबत जायची. जुन्या लाकडी खिडकीत खाच नसते. तिथे जाळी चौकटीवर ठोकून वरून लाकडी पट्टी मारतात. कसब म्हणाल तर ताणात आहे. ढिली राहिली तर जाळीला पोट सुटतं. फार ओढली तर बारीक चौकट मधून आत वाकते आणि खिडकीचा डमरू होतो. जाळी ताठ असावी, ताणलेली नसावी. हे वाक्य मी पुढे आमच्या नात्यातल्या बऱ्याच लग्नांत वापरलं. लोकांना ते एखाद्या संताचं वाटलं.

खरी गंमत मात्र नवी जाळी बसवण्यात नाही, जुनी काढण्यात आहे. प्रत्येक भोकाची एक हकिकत असते. कोपऱ्यात रबराजवळ कुरतडलेलं असेल तर उंदीर. खाली उभे ओरखडे असतील तर मांजर. कडा काळी पडलेली वाटोळी भोकं देवघराजवळ असतील तर उदबत्ती. संडासाच्या खिडकीत असतील तर घरातल्या कर्त्या पुरुषानं सिगारेट सोडलेली नाही. लातुरात शिकवण्यांच्या भागात मुलांची वसतिगृहं आहेत. तिथल्या जाळ्यांना कडीजवळ हात जाईल एवढं भोक ठरलेलं. एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांचं ठाम मत होतं, की हे माकडांचं काम आहे. मी जाळी काढत होतो तेव्हा खोलीतली सगळी माकडं जीवशास्त्राच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती.

नांदेडच्या एका नगरसेवकांनी प्रभाग डासमुक्त करण्याचा संकल्प सोडला आणि मला बोलावून विचारलं, जाळीवर फोटो छापता येतो का. मी म्हटलं, येतो, पण जाळी म्हणजे मुख्यतः भोकंच असतात, त्यामुळे चेहराही मुख्यतः भोकांचाच होईल. त्यांनी विचार करून विचारलं, "लांबून दिसेल ना?" शेवटी फक्त त्यांच्या कार्यालयाच्या एका खिडकीला तशी जाळी लागली आणि संध्याकाळी मैदानात तिचा समारंभ झाला. मैदानाच्या कडेला नाला. साहेब बोलत होते आणि श्रोते आपापल्या पोटऱ्यांवर, मानेवर चापट्या मारत होते. व्यासपीठावरून तो आवाज टाळ्यांसारखा ऐकू येत असावा, कारण साहेब मधूनमधून थांबून हात जोडत होते.

पण मला सांगायची आहे ती लातूरच्या मन्मथअप्पांच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची गोष्ट.

अप्पांचं भुसार मालाचं दुकान. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज असा की गिऱ्हाईक भाव पाडण्याऐवजी माफी मागायचं. धाकटा भाऊ शिवराज याच दुकानात. दुकानाचं नूतनीकरण झालं तेव्हा चौकात फ्लेक्स लावायचं ठरलं. ऑर्डर द्यायला शिवराज गेला आणि फ्लेक्सवर शिवराजचा फोटो अप्पांपेक्षा थोडा मोठा आला. तो म्हणाला, छापणाऱ्याची चूक. अप्पा म्हणाले, छापणाऱ्याला फोटो कुणी दिले? यावरून बोलाचाली झाली, मग मागचं सगळं निघालं, आणि दुकान, घर, दोन्हींची वाटणी झाली. मोठी साम्राज्यं यापेक्षा लहान कारणांनी मोडल्याचं मी शिकलो होतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वाटणीच्या दिवशी अप्पांनी घरातल्या सगळ्यांना देवघरासमोर उभं करून शपथ घातली: त्या घराशी कुणी एक शब्द बोलायचा नाही.

घराचे दोन भाग दोघांना गेले आणि मधला बोळ तसाच राहिला. माणूस आडवा होऊन जाईल एवढाच. बोळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर स्वयंपाकघरांच्या खिडक्या. शिवराजच्या खिडकीला नुसते गज. जाळीनं वारा अडतो असं त्याचं मत होतं. अप्पांच्या खिडकीला गजांच्या बाहेरून चौकटीवर ठोकलेली जाळी. ती जीर्ण झाली म्हणून मी पहिल्यांदा त्या घरी गेलो आणि नवी फायबरची ठोकून आलो.

काही महिन्यांनी अप्पांचा फोन. जाळी फाटली. खालच्या कोपऱ्यात. गेलो, बदलली. पुन्हा काही महिन्यांनी फोन. तोच कोपरा.

"घूस हाय," अप्पा म्हणाले. "बोळात लई माजल्या घुशी."

मी बोळात शिरून भोक पाहिलं. दोन बाजू सरळ कापलेल्या, तिसरी बाजू पट्टीतून नीट मोकळी केलेली, आणि वरच्या बाजूला जाळी तशीच, झडपेसारखी. ढकलली की उघडायची, सोडली की मिटायची. घुशीबद्दल माझ्या मनात कितीही आदर असला, तरी ती कात्री वापरत नाही. पण गिऱ्हाइकाच्या घुशीवर शंका घेऊ नये, हा धंद्याचा नियम. मी "घूसच दिसते" म्हणालो.

अप्पा दुकानात गेल्यावर सुमनअक्कांनी चहा आणून दिला. सुमनअक्का म्हणजे अप्पांची बायको. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. बारीक चणीच्या, बोलण्यात घाई नाही. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "भाऊ, कोपऱ्यातली पट्टी जरा ढिली ठेवता का?"

जाळीवाल्याला पट्टी ढिली ठेवायला सांगणं म्हणजे गवयाला जरा बेसूर गायला सांगणं. मी का म्हणून विचारलं. त्यांनी समोरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे शिवराजची बायको रेखा भांडी विसळत होती. हातात हिरव्या बांगड्या, मान खाली, पण कान इकडेच. अक्कांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. रेखा या घरात आली ती अगदी कोवळ्या वयात. दोघींची सासू, तिला सगळे आव्वा म्हणायचे, उदगीरकडची. तिच्या हातच्या दह्याचं विरजण घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. आज लावलेल्या दह्यातलं चमचाभर काढून उद्याच्या दुधाला, अशी ती साखळी आव्वा गेल्यावरही तुटली नव्हती. वाटणीत घर गेलं, दुकान गेलं, पितळेची भांडी मोजून गेली. विरजणाची वाटणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. रेखाचं दही काही केल्या धरायचं नाही, कधी आंबायचं, कधी तार सुटायची. म्हणून रोज दिवेलागणीला अक्का जाळीच्या कोपऱ्यातून विरजणाची वाटी बाहेर धरायच्या आणि बोळापलीकडून रेखाचा हात ती घ्यायचा. दुसऱ्या दिवशी वाटी परत यायची. रिकामी नाही; आपल्याकडे कुणाची वाटी रिकामी परत देत नाहीत. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी गुळाचा खडा.

"पण शपथ?" मी विचारलं.

"आम्ही कुठं बोलायलोत," अक्का म्हणाल्या. "बोलायचं न्हाई म्हणले. दह्याचं काही म्हणले न्हाईत."

दोघींनी शपथ अक्षरशः पाळली होती. इतक्या दिवसांत एक शब्द नाही. फोनसुद्धा नाही. मी पट्टी ढिली ठेवली.

ती व्यवस्था चालली असती, पण अप्पा मोठ्या निर्णयांचे माणूस. एक दिवस ते स्वतःच बाजारातून स्टीलच्या जाळीची गुंडाळी घेऊन आले आणि मला बोलावलं. "ही ठोका. आता बघू घुशीचे दात." स्टीलची जाळी घरच्या कात्रीनं कापत नाही. अक्का दारात उभ्या होत्या. पोळपाट पुसत राहिल्या, जो आधीच कोरडा होता. बोळापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

स्टीलची जाळी मापानं कापताना मला सुचलं. मी अप्पांना म्हणालो, जाळी ठोकली की घूस आत येणार नाही हे खरं, पण ती मरणार कशी? खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर चाप लावायला पाहिजे. आणि चाप बाहेर ठेवायचा तर जाळीला कोपऱ्यात एक लहान दार पाहिजे, आतून कडी असलेलं.

अप्पांना ही युक्ती इतकी आवडली, की दुपारपर्यंत ती त्यांचीच झाली होती. मी खालच्या कोपऱ्यात पट्टीची छोटी चौकट करून बिजागरी लावली, आत कडी बसवली. वाटी जाईल एवढी खिडकी, खिडकीतली खिडकी. अप्पांनी शेजाऱ्यांना बोलावून ती उघडून-मिटून दाखवली. चाप आणला गेला आणि तो रोज संध्याकाळी लावायचं काम, घरातली सगळी बारीक कामं जिथे जातात तिथे, अक्कांकडे गेलं. आता अक्का रोज नवऱ्याच्या हुकमावरून खिडकी उघडायच्या. चाप कट्ट्यावर मिटलेलाच ठेवायच्या आणि वाटी द्यायच्या.

घूस सापडेना, याचं अप्पांना वाईट वाटायचं. पण घुशी हुशार झाल्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढचं मला अक्कांनी सांगितलं, आणि नंतर अप्पांनीही सांगितलं. दोन्ही हकिकतींत थोडा फरक आहे; मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यानं दोन्ही साधनं वापरतो.

अक्कांच्या उदगीरच्या भावाकडे अचानक काही निघालं आणि त्या सकाळीच गेल्या. रेखाला सांगणार कसं? शपथ होती. संध्याकाळी अप्पा घरात एकटे. त्यांनी चाप स्वतः लावायचा ठरवला, आणि लावायचा तर नीट. स्प्रिंग ताणून, भज्याचा तुकडा अडकवून, त्यांनी तो जाळीतल्या दारातून कट्ट्यावर ठेवला आणि घूस येते का ते पाहायला दिवा न लावता बाजूला उभे राहिले. दिवेलागणीची वेळ. घूस आली नाही. समोरून हिरव्या बांगड्यांचा हात आला, हातात वाटी, आणि ती ठेवायला सवयीनं कट्ट्याकडे, चापाकडे निघाला.

"रेखा, हात मागं घे."

हे अप्पा बोलले. वाटणीनंतर त्या घराशी त्यांनी उच्चारलेले पहिले शब्द. आणि बोलता बोलता त्यांनी चाप बाजूला करायला स्वतःचा हात बाहेर घातला. अप्पांच्या हकिकतीत इथे चाप 'आपोआप उडाला'. अक्कांच्या हकिकतीत तो अप्पांच्या अंगठ्यावर बसला. मी तिथे गेलो तेव्हा अंगठ्याला हळदीचं फडकं होतं, हे मी नोंदवून ठेवतो. धडपडीत दाराची बिजागरी वाकली होती, म्हणून तर मला बोलावलं होतं.

रेखा घाबरून मागे झाली. वाटी कट्ट्यावर राहिली. तिच्यात शेंगदाण्याची चटणी होती. अप्पा घरात एकटे, ताटात सकाळची भाकरी. त्यांनी चटणी खाल्ली. खाऊन झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की वाटी परत कशी द्यायची. शपथ एका बाजूला, रीत दुसऱ्या बाजूला. भावाचं घर असलं म्हणून काय झालं, रिकामी वाटी कशी देणार? अप्पांनी जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघरातले डबे उघडले. साखर सापडली नाही. गूळ सापडला नाही. सापडलं ते शिंक्यावरचं दह्याचं गाडगं. अप्पा लहान काम करत नाहीत. त्यांनी सगळं दही वाटीत ओतलं, मावेना तेव्हा वाटीतलंही मोठ्या वाडग्यात घेतलं, उरलेलं कडेनं पुसून घातलं आणि तो जाळीतल्या दारातून तिरका करून सरकवून पाहिला. वाडगा जाईना, तेव्हा बोळातून जाऊन भावाच्या खिडकीत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी अक्का परतल्या आणि गाडगं उघडलं. कोरडं. आव्वाच्या विरजणाचा थेंबसुद्धा घरात नाही.

अक्का रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी दूध तापवलं, निववलं, गाडग्यात ओतलं आणि गाडगं अप्पांपुढे आणून ठेवलं. "आता लावा दही," म्हणाल्या.

अप्पांना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी बाजारातून दही आणायची तयारी दाखवली. अक्कांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. मग ते म्हणाले, तू माग तिच्याकडून. अक्का म्हणाल्या, "मला शपथ हाय. मोडली ती तुम्ही. तुम्हीच मागा."

यावर अप्पांचं म्हणणं असं होतं, आणि अजूनही आहे, की 'हात मागं घे' हे बोलणं नव्हे. ती सूचना होती. अक्का म्हणाल्या, मग हीही सूचनाच करा.

दूध निवत होतं. कोमट आहे तोवर विरजण पडलं पाहिजे, हे अप्पांनाही ठाऊक होतं. आव्वाच्या हाताखाली वाढलेले होते. ते घसा खाकरत खिडकीशी गेले. वाकडी बिजागरी ढकलून जाळीतलं दार उघडलं. पलीकडे रेखा उभीच होती, पदर डोक्यावर घेऊन. तिच्यामागे शिवराजही होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

अप्पा म्हणाले, "रेखा, जरा विरजण दे गं. आव्वाचं."

वाटी आली. तिच्यात दह्याबरोबर वर एक गुळाचा खडा होता, आणि तो रेखानं ठेवलेला नव्हता, असं अक्कांचं म्हणणं. अप्पांनी खडा पाहिला आणि तोंडात टाकला.

तेव्हापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलायला लागले, असं लिहायला मला आवडलं असतं. ते अजून फारसे बोलत नाहीत. फ्लेक्सचा प्रश्न मिटलेला नाही. पण येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं लातूर शेतात जेवायला जातं तेव्हा ही दोन घरं एकाच शेतात दोन वेगळ्या झाडांखाली बसतात आणि त्या दिवशीच्या पालेभाजी-दाण्यांच्या भज्जीचे वाडगे इकडून तिकडे जातात. वाडगा रिकामा परत द्यायचा नसतो, त्यामुळे हा व्यवहार थांबवायची सोय कुणालाच सापडलेली नाही. गल्लीत जाळीतल्या दाराची इतकी चर्चा झाली, की मला तशी आणखी पुष्कळ दारं करावी लागली. ती कशासाठी आहेत हे लावणाऱ्यांना माहीत नव्हतं. अप्पांकडे आहे म्हणजे उपयोगाचंच असणार.

गेल्या हिवाळ्यात लातूरला गेलो होतो, तेव्हा अप्पांनी रस्त्यातच गाठलं आणि घरी नेलं. तक्रार होती. घरात डास. मी जाळी पाहिली. ताण उत्तम, गंज नाही, पट्टी घट्ट. कोपऱ्यातल्या दाराची कडी इतके दिवस न उघडल्यानं जाम बसलेली होती.

"बघा," अप्पा म्हणाले. "जाळी स्टीलची. कडी बंद. मग हे डास यायलेत कुठून?"

दिवेलागण झाली होती. अक्कांनी देवापुढे दिवा लावला, आणि मराठवाड्यातल्या घराघरांत करतात तसं, माझ्याही घरी करतात तसं, समोरचं दार सताड उघडून ठेवलं. ही लक्ष्मी घरात येण्याची वेळ. त्या दारातून आधी रेखा आली, हातात वाटी. लक्ष्मी आली का, ते सांगता येत नाही. डास आले.